काळं फूल, पांढरं नाव

पेला हातात येतो तो थंडगार. गरम चॉकलेटची सवय असलेल्या बोटांना पहिला धक्का इथेच बसतो. दुसरा बसतो जिभेला: गोडवा नावालाही नाही. कडवट चव, मागून मिरचीची धग आणि वर बोटभर जाड फेस. वाढणारी बाई एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार सोडतेय आणि तिची नजर त्या फेसावरून हलत नाही. फेस बसला की यजमानाची शोभा झालीच म्हणून समजा. यजमान दूरदेशी फिरणारा व्यापारी आहे. गाव तेनोचतित्लान, तळ्यात वसवलेली आस्तेकांची राजधानी. साल १५१९च्या थोडं आधीचं. स्पेनच्या लोकांचा पाय अजून या शहराला लागलेला नाही.

दुसरा घोट घेता घेता तुम्ही थबकता. हा वास ओळखीचा आहे! वाढदिवसाचा केक, लग्नाच्या पंगतीतला आईस्क्रीमचा कप, कस्टर्ड. पण इथे त्यात धूर आहे, ओल्या लाकडाचा अंश आहे, काळ्या मनुकांची झाक आहे. शेजारच्या पाहुण्याला तुम्ही खुणेनं विचारता. तो उठून पाट्याजवळची एक शेंग आणून दाखवतो. वीतभर लांब, करंगळीहून बारीक, सुरकुतलेली, बोटांना तेलकट लागणारी, काळी कुळकुळीत. नाव सांगतो: त्लिलशोचित्ल. ‘त्लिल्ली’ म्हणजे काळं, ‘शोचित्ल’ म्हणजे फूल. काळं फूल.

फूल मुळीच काळं नसतं. ते फिकट, हिरवट पिवळं असतं आणि पूर्व किनाऱ्याच्या दमट रानात झाडावर चढलेल्या एका ऑर्किडच्या वेलीला लागतं. उमलल्या दिवशीच ते मिटतं. त्याची शेंगही वेलीवर असते तेव्हा हिरवी आणि जवळजवळ बिनवासाची. ती उन्हात तापवायची, गुंडाळून घाम फोडायचा, पुन्हा ऊन दाखवायचं. असं आठवडेच्या आठवडे केल्यावर ती काळी पडते आणि तिच्यात वास जागा होतो. राजधानीतल्या लोकांनी रान पाहिलेलं नाही, वाळून काळी झालेली शेंग तेवढी बाजारात पाहिली आहे. जे दिसलं त्याचं नाव ठेवलं. या वासाला पुढे जितकी नावं पडली, त्यांत हीच खोड आहे: प्रत्येकानं आपल्या दारापर्यंत जे पोचलं तेवढ्यावरच बारसं उरकून घेतलं.

आता १५५२. राजधानी पडून तीस वर्षं उलटली आहेत. शेजारच्या त्लातेलोल्कोमधल्या ख्रिस्ती विद्यालयात मार्तिन दे ला क्रूझ नावाचा देशी वैद्य वनस्पतींच्या औषधांची पोथी सिद्ध करतोय आणि हुआन बादियानो ती लॅटिनमध्ये उतरवतोय. पानापानावर झाडाझुडपांची रंगीत चित्रं आहेत. त्यांतल्या एका उताऱ्यापाशी तुम्ही थांबाच, कारण तो तुमच्याच कामाचा आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या रक्षणासाठी काही सुगंधी वस्तू कुटून, फुलात भरून गळ्यात बांधायच्या. त्यांत त्लिलशोचित्ल आहे. तुम्हाला अजून चारशे वर्षांहून जास्त मजल मारायची आहे. बांधून घ्या आणि चला.

स्पॅनिश शिपायाच्या कमरेला तलवार, तलवारीला म्यान. म्यानाला त्याच्या भाषेत ‘वाइना’ म्हणतात आणि घेवड्या-वाटाण्याच्या शेंगेलाही ‘वाइना’च. या बारक्या काळ्या शेंगेला त्यानं लाडानं म्हटलं ‘वाइनिया’, इवलंसं म्यान. ‘वाइना’ आला लॅटिन ‘वाजिना’वरून, आणि रोमन सैनिकाच्या तोंडी त्याचा रोजचा अर्थ तलवारीचं म्यान एवढाच. शरीरशास्त्रवाल्यांनी तो स्त्रीच्या अवयवासाठी उचलला आणि मग इंग्रजीत तोच अर्थ पक्का झाला. त्यामुळे शब्दकोशात व्हॅनिलाचं मूळ पाहायला गेलेला माणूस पुस्तक झटकन मिटतो. एवढं दचकायला नको. दोन्ही शब्द एकाच म्यानातून निघालेत.

हा शब्द मुक्कामाला पोचायच्या आधी वस्तू पोचली. १६०२, हॉलंडमधलं लायडन. कारोलस क्लुसियस शहात्तर वर्षांचा आहे. चालायला आधार लागतो, पण युरोपभरातून बिया, कंद, वाळकी पानं टपालानं त्याच्याकडेच येतात. आज लंडनहून पुडकं आलंय. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथचा औषधविक्या ह्यू मॉर्गन यानं पाठवलंय. तुम्ही दोरा कापता आणि खोलीभर वास सुटतो. म्हातारा शेंग उलटीपालटी करून पाहतो. आत बारीक, चकचकीत काळं बी. ही कुठली, कशाला वापरतात, काही लिहिलेलं नाही. तुमच्या ओठांवर उत्तर आहे, पण तुम्ही गप्प बसा. १६०५च्या आपल्या ग्रंथात तो तिला लॅटिनमध्ये ‘लांबट सुगंधी शेंग’ एवढंच म्हणेल. ज्यानं ट्युलिपच्या रंगछटांचा बारकाईनं अभ्यास केला त्याला या शेंगेसाठी याहून जास्त शब्द सुचला नाही, आणि मला त्याचं हे वागणं फार आवडतं. माहीत नाही ते त्यानं लिहिलं नाही.

पुढची दीडशे वर्षं भरभर उलटा. इंग्रज हा शब्द स्पॅनिश लोकांच्या तोंडून ऐकतात आणि जमेल तसा लिहितात. विल्यम डँपियर हा चाचेगिरी करत जग हिंडलेला खलाशी तो ‘विनेलो’ असा लिहून ठेवतो. माळ्यांचा कोश करणारा फिलिप मिलर १७५४ मध्ये वनस्पतीचं नाव म्हणून ‘व्हॅनिला’ छापतो, तेव्हा कुठे शब्दाचं रूप बसतं.

१७९१, फिलाडेल्फिया. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री टॉमस जेफरसन पाच वर्षं पॅरिसला राहून परतलाय आणि जीभ तिकडेच विसरून आलाय. त्याचा फ्रेंच कारभारी पेती शहरभर व्हॅनिला शोधून आला. दुकानदारांना नाव माहीत नाही. मग मंत्रिमहोदय पॅरिसमधल्या आपल्या माणसाला पत्र घालतात: पन्नास शेंगा पाठवा, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मधोमध घालून. टपालातून लोणच्याची बरणी मागवणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही.

तुम्ही दिवाणखान्यात रेंगाळू नका, मागच्या बाजूला स्वयंपाकघरात या. इथे जेम्स हेमिंग्ज आहे. जेफरसननं त्याला पॅरिसला नेऊन स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण दिलं. मालकी मात्र सोडली नाही. जेम्स गुलाम आहे आणि अजून पाच वर्षं गुलामच राहणार आहे. जेफरसनच्या हस्ताक्षरातली आईस्क्रीमची कृती आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहे: चांगली साय दोन बाटल्या, सहा अंड्यांचे बलक, अर्धा पौंड साखर, व्हॅनिलाची एक शेंग. साय शेंगेसकट तापवायची, बलक-साखरेत ओतायची, पुन्हा आचेवर धरून ढवळायची, मग भांडं मीठ मिसळलेल्या बर्फात फिरवायचं. मधे एक पायरी आहे तिच्याकडे लक्ष द्या: मिश्रण फडक्यातून गाळून घ्यायचं. काळी शेंग आणि तिचं सालपट फडक्यात राहतं, खाली उतरते ती फिकट, गुळगुळीत साय. जेवणाच्या टेबलावर काळं फूल पांढरं होऊन येतं. कुणाच्या हातून पांढरं झालं, हे पाहुण्यांना विचारायचं कारण पडत नाही.

आता समुद्रप्रवास लांबचा. हिंदी महासागर, मादागास्करच्या पूर्वेला फ्रेंचांचं बूर्बों बेट, ज्याला पुढे रेयुन्यों म्हणतील. ‘बूर्बों व्हॅनिला’ हे नाव त्या बेटावरून पडलं, बूर्बन व्हिस्कीवरून नाही. गाव सेंत-स्युझान, मळा फेरेओल बेलिए-बोमों याचा, साल १८४१. इथे जरा बूड टेकून बसा.

अडचण काय आहे ती आधी समजून घ्या. १८१९पासून फ्रेंच जहाजांनी व्हॅनिलाच्या वेली या बेटावर आणून लावल्या. वेली माजल्या, फुलंही आली, शेंग मात्र एकही नाही. मेक्सिकोच्या रानात जे काम तिथल्या मधमाश्या करतात, ते करणारं इथे कुणी नव्हतं. फेरेओलची वेल वीस वर्षं नुसतीच हिरवी उभी आहे. १८३६ मध्ये बेल्जियमच्या लीएजमध्ये शार्ल मोरों या प्राध्यापकानं काचघरात हातानं परागण करून शेंगा धरवल्या, पण ती विद्या मळ्यापर्यंत आलीच नाही.

सकाळ आहे. फेरेओल मळ्यातून चाललाय आणि त्याच्या मागे-पुढे घुटमळतोय बारा वर्षांचा एडमों. आडनाव नाही. गुलामांना आडनाव नसतं. आई त्याला जन्म देतानाच गेली. फेरेओलला झाडांचं वेड. त्यानं या मुलाला फुलांची शास्त्रीय नावं तोंडपाठ करवली आहेत, लिहा-वाचायला मात्र शिकवलेलं नाही. वेलीपाशी येताच फेरेओल थांबतो. शेंग! वीस वर्षांत पहिली. एडमों म्हणतो, मी केली. फेरेओलला पटत नाही. पोरं बोलतातच असं. काही दिवसांनी दुसरी शेंग दिसते. मुलगा पुन्हा तेच सांगतो. तेव्हा फेरेओल म्हणतो, दाखव.

तुम्हीही वाका आणि पाहा. त्या फुलात परागांचा पुंजका वर आहे आणि स्त्रीकेसराचा चिकट खळगा लगेच खाली. दोघांत केसभराचं अंतर. पण मध्ये एक पातळ पडदा लोंबतोय. नवरा-नवरी समोरासमोर उभे आहेत आणि अंतरपाट काही केल्या निघत नाही, अशी गत. एडमों डाव्या हातात फूल धरतो. बांबूची टोकदार कामटी घेऊन पाकळीची नळी एका बाजूनं फाडतो. कामटीच्या टोकानं तो पडदा वर उचलून मागे सारतो आणि अंगठ्यानं परागांचा पुंजका खाली दाबतो. झालं. तुम्ही श्वास सोडेपर्यंत तो पुढच्या फुलाकडे वळलेला असतो.

हे त्याला सुचलं कुठून? फेरेओलनं पूर्वी त्याला कलिंगडाच्या जातीच्या एका वेलीवर नर आणि मादी फुलांची गाठ हातानं कशी घालायची ते दाखवलं होतं. ते त्यानं डोक्यात ठेवलं, मग या हट्टी फुलाचं अंतरंग स्वतः उघडून पाहिलं. फ्रेंचमध्ये या कामाला आजही व्हॅनिलाचं लग्न लावणं असंच म्हणतात आणि ते काम करणाऱ्या बायकांना लग्न लावणाऱ्या. तेव्हा अंतरपाटाची उपमा मी पदरची घातलेली नाही, त्यांच्या शब्दातूनच निघाली.

बातमी पसरते. आसपासचे मळेवाले गाडी पाठवून एडमोंला बोलावून घेतात. तुम्ही त्याच्यासोबत बसा. या मळ्यातून त्या मळ्यात, बारा वर्षांचा मुलगा मोठ्या माणसांना शिकवतोय, तीही त्याच्यासारखीच गुलाम माणसं. वेळ पहाट ते दुपार एवढाच, कारण त्यानंतर फूल मिटतं आणि मिटलेल्या फुलाचं लग्न लागत नाही. हात बसलेला माणूस दिवसाला हजारावर फुलं उरकतो. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने, वाळवून मुरवायला आणखी काही महिने, आणि पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून हाती येणारा काळा माल एक किलो. शतक संपता संपता हे चिमुकलं बेट वर्षाला सुमारे २०० टन व्हॅनिला जगाला पाठवेल आणि मेक्सिकोला मागे टाकेल.

२० डिसेंबर १८४८. बेटावर गुलामगिरी संपली. साठ हजारांवर माणसांना एकदम आडनावं द्यायची आहेत आणि कारकुनांपुढे रांगा लागल्या आहेत. एडमोंच्या वाट्याला येतं ‘आल्बियस’. लॅटिन ‘आल्बुस’ म्हणजे पांढरा. आडनाव त्यावरूनच आलं असं मानतात. काळ्या फुलाचं गूढ उकलणाऱ्या काळ्या मुलाला पांढरेपणाचं नाव. कारकुनानं हे थट्टेनं केलं की कौतुकानं, तुम्ही रांगेत उभे असलात तरी त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही.

एडमों राजधानी सें-दनीला जातो, कुणाच्या तरी घरी स्वयंपाकघरात राबतो. दागिन्यांच्या चोरीत अडकतो आणि १८५२ मध्ये कैदेत जातो. फेरेओल धडपडतो, अर्ज करतो: या माणसाच्या शोधावर सारं बेट श्रीमंत होतंय, त्याला माफी द्या. १८५५ मध्ये सुटका होते. दरम्यान रिशार नावाचा एक नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ सांगू लागतो की ही युक्ती मीच बेटावर येऊन शिकवली, हा पोरगा कोपऱ्यात उभा राहून पाहत असेल. फेरेओल पुन्हा लेखणी उचलतो आणि ठणकावून लिहितो की शोध एडमोंचा. मालक म्हणून त्याला मी मोठेपणा द्यायला तयार नाही, पण साक्षीदार म्हणून तो शेवटपर्यंत फिरला नाही, हे मान्य करायला हवं. पैसा मात्र कुणीच दिला नाही. ९ ऑगस्ट १८८० रोजी सेंत-स्युझानमध्ये एडमों आल्बियस दारिद्र्यात मरतो.

तो हयात असतानाच, तिकडे जर्मनीत, व्हॅनिलाला वेलीची गरज उरलेली नव्हती. उत्तम मुरलेल्या काळ्या शेंगेवर कधीकधी हिमकणांसारखे पांढरे स्फटिक उमटतात. शेंगेतलं तेच वासाचं मुख्य द्रव्य निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानं १८५८ मध्ये शुद्ध रूपात वेगळं केलं. १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी ते सूचिपर्णी झाडांच्या सालीखालच्या रसातल्या द्रव्यापासून बनवलं आणि हारमाननं वेझर नदीकाठच्या होल्झमिंडेनला कारखाना काढला. तिथे तुम्ही पाच मिनिटंच थांबा. लाकडाचा रस, रसायनं आणि शेवटी बाटलीत पांढरी पूड: व्हॅनिलिन. पुढे ती लवंगेच्या तेलापासून बनू लागली, मग कागद गिरण्यांच्या सांडपाण्यातून, आता बहुतांशी खनिज तेलापासून निघालेल्या द्रव्यांतून. तुमच्या फडताळातल्या व्हॅनिला इसेन्सच्या बाटलीत बहुधा हीच पूड विरघळलेली आहे. जगात जेवढा व्हॅनिलाचा स्वाद खपतो त्यातला एक टक्कासुद्धा खऱ्या शेंगेतून येत नाही. मी पुडीला नावं ठेवणार नाही, माझं कस्टर्ड तिच्यावरच चालतं. पण शेंगेत वासाची शेकडो द्रव्यं असतात आणि पुडीत एकच. त्या आस्तेक पेल्यातला धूर आणि मनुका या बाटलीत शोधू नका.

स्वस्त पूड आली आणि आईस्क्रीमचा प्रत्येक गाडा व्हॅनिला ठेवू लागला. स्ट्रॉबेरी गुलाबी, चॉकलेट तपकिरी, आणि व्हॅनिला म्हणजे ज्यात काही घातलेलं नाही असं वाटणारं ते पांढरं. इथे शब्दाचा पाय घसरला.

१९८०चं दशक, न्यूयॉर्क. तुम्ही एका गुंतवणूक बँकेत नवशिके आहात. कानाला फोन, समोर हिरव्या आकड्यांचा पडदा. शेजारचा ओरडून सांगतो की हा व्यवहार ‘प्लेन व्हॅनिला’ आहे. मतलब: कलमं नाहीत, अटी-उपअटी नाहीत, छापील नमुन्याप्रमाणे साधासुधा. चार इमारती पलीकडे संगणकवाले ज्या प्रणालीत अजून कुणी फेरफार केलेला नाही तिला ‘व्हॅनिला’ म्हणतात. कुणाच्या नाटकाला, कपड्यांना, संसाराला व्हॅनिला म्हटलं तर ते नाक मुरडून. अर्थ एकच: जसं आलं तसं, बिनकारागिरीचं, ज्याला कुणाचा हात लागला नाही ते. आणि मेक्सिकोतलं रान सोडलं तर जगात अशी खरी व्हॅनिलाची शेंग जवळजवळ नाहीच, जिच्या फुलाला कुणीतरी वाकून, कामटी घेऊन हात लावलेला नाही. शेजाऱ्याला हे सांगून पाहा. तो फोनवर हात ठेवून विचारेल, भाव काय चाललाय?

भाव सांगण्याजोगा आहे, पण त्यासाठी २०१८ गाठायला हवं. मादागास्करचा ईशान्य किनारा, साम्बावा आणि आंतालाहाच्या आसपासची गावं. जगातली बरीचशी खरी व्हॅनिला आता इथून जाते. एडमोंची रीत बूर्बों बेटावरून समुद्र ओलांडून इथे आली आणि अजूनही दुसरी सापडलेली नाही. आदल्या वर्षी मार्चमध्ये एनावो चक्रीवादळानं वेली झोपवल्या आणि मुरलेल्या शेंगेचा भाव किलोला ६०० डॉलरच्या घरात गेला, चांदीच्याही वर. असाच भाव २००० सालच्या वादळानंतर चढला होता. तेव्हा केरळ-कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी सुपारी-कॉफीच्या सावलीत हौसेनं व्हॅनिला लावली, आणि दोन-चार वर्षांत भाव कोसळला तसे कित्येकांचे हात पोळले.

इथे भाव चढला की रात्री चोर येतात. शेंगा हिरव्या असतानाच ओरबाडून नेतात. म्हणून शेतकरीण बाई तुम्हाला वेलीपाशी वेगळंच काम करताना दिसते. तिच्या हातात बुचाचा तुकडा आहे, त्यात टाचण्या खोचून अक्षरं केली आहेत. एक हिरवी शेंग चिमटीत धरते, बूच दाबते, सोडते. पुढची शेंग. टोचलेल्या जागी वण उठतो, आणि शेंग वाळून कितीही काळी पडली तरी तो बुजत नाही. बाजारात तंटा झाला तर लोक शेंग उजेडात धरतात आणि वणावरून नाव वाचून मालक कोण ते ठरवतात.